सायकल स्टँडच्या निमित्ताने

(जागतिक सायकल दिनी, ३ जून रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासन विभागातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्रशासन विभागाकडून आपणांस दरवर्षी जे ऐकावे लागते ते बहुधा जमाखर्चाचे असते. खाटा किती भरल्या, शस्त्रक्रिया किती झाल्या, निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले आणि किती खर्ची पडले, एवढे सांगून आम्ही खाली बसतो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकता. आज मात्र आम्हांस सायकलीवर बोलण्याची आज्ञा झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केला, हे त्याचे निमित्त. खरे कारण वेगळे आहे. अपघात विभागाच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली जो सायकल स्टँड आहे, तो काढून तेथे चारचाकींसाठी जागा करावी, अशी सूचना मंडळापुढे आलेली आहे. निर्णय घेण्यापूर्वी मंडळाने प्रशासनाचे म्हणणे मागविले. आम्हांस सायकलीचे वेड आहे हे मंडळास पुरेपूर ठाऊक आहे. तेव्हा पक्षकारालाच साक्षीला उभे करण्याचा हा प्रकार झाला. पण साक्ष मागितलीच आहे तर ती सविस्तर द्यावी, असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम या वेडाविषयी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. महाविद्यालयात असताना सायकल हीच आमची सवारी होती, आणि त्यात कौतुकाचे काही नव्हते. वर्गातील बहुतेकांची तीच अवस्था होती. नोकरी लागली, स्कूटर आली, पुढे चारचाकी आली, आणि सायकल जिन्याखाली गेली. चाळिशी उलटल्यावर एका वार्षिक तपासणीत आमच्याच रुग्णालयातील डॉक्टरांनी आमचा रक्तदाबाचा आकडा आम्हांस दाखविला. आकड्यांचा अर्थ लावणे हा आमचा व्यवसायच असल्याने फार समजवावे लागले नाही. जिन्याखालची सायकल बाहेर आली.

आज आमची आठ-नऊ जणांची मंडळी आहे. तीत लेखा विभागातील दोघे, एक भूलतज्ज्ञ, औषध भांडारातील एक भगिनी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आहेत. सकाळी सव्वापाचला गंगापूर रोडवर जमायचे आणि आठाच्या आत घरी परतायचे, असा शिरस्ता आहे. सोमेश्वर, गंगापूर, गिरणारे ही रोजची वाट. रविवारी त्र्यंबकेश्वर, येऊन-जाऊन साठ किलोमीटरांच्या आसपास. हुरूप असेल तर पेठ रस्त्याने सावळघाटापर्यंत. नाशिककर असल्याचे सुख काय, असे आम्हांस कोणी विचारले तर श्रावणातील त्र्यंबक रस्ता हे उत्तर आम्ही देऊ. अंजनेरीचा डोंगर ढगांत अर्धा बुडालेला असतो, भातखाचरांत पाणी साचलेले असते आणि पावसाची सर समोरून चालत येताना स्पष्ट दिसते. मोटारीत बसलेल्या माणसाला तीच सर काचेवरचे पाणी म्हणून भेटते. फेब्रुवारीत दिंडोरी रस्त्याला लागले की द्राक्षांनी भरलेल्या क्रेट्सचे टेम्पो ओलांडून जातात आणि मागे गोडसर वास रेंगाळतो. एप्रिलमध्ये मात्र सात वाजता ऊन डोक्यावर येते. तेव्हा आमचे काका घड्याळाकडे पाहत, आज फेरी थोडी आखडती घेऊ, असे आपणहून सुचवितात.

परतीच्या वाटेवर मिसळ असते, हे येथे लपविण्यात अर्थ नाही, कारण आहारतज्ज्ञ भगिनी समोर बसल्या आहेत. दोन तासांत जेवढे जमा केले तेवढे एका रश्श्याच्या वाटीत खर्ची पडते. शिल्लक शून्य राहते, पण खाते चालू राहते.

छंदी सायकलस्वाराचे दैनंदिन जीवन बाहेरच्या माणसाला थोडे हास्यास्पद वाटावे असेच आहे. टायरमध्ये हवा किती, गादीची उंची अर्ध्या बोटाने वाढवावी की कमी करावी, चेनला वंगण कोणते, यांवर प्रौढ माणसे तासन्‌तास बोलतात. आमच्या भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियागृहात कोणी चढ्या आवाजात बोलताना ऐकलेले नाही. पंक्चर काढण्याच्या पद्धतीवरून मात्र त्यांचा आवाज चढलेला आम्ही स्वतः ऐकला आहे. हवा भरलेल्या टायरचे पेटंट १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी घेतले. बेलफास्ट येथे राहणाऱ्या या गृहस्थांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी व्हावेत म्हणून ती खटपट केली होती. ते पेशाने वैद्यक असल्याचे सांगून आमची डॉक्टर मंडळी या शोधाचे श्रेय स्वतःकडे ओढतात. ते पशुवैद्य होते, एवढा तपशील तेवढा गाळतात.

आणि वार्ता! या नाशिक शहराने सायकलीच्या वार्तांमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत जी भर घातली आहे, तिचा अभिमान वैद्यकीय क्षेत्रातील प्रत्येकाने बाळगावा अशी आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत असते. तीत रात्र-दिवस असा भेद नसतो. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ती मुदतीत पूर्ण केली. २०१७ साली लष्करातील डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकट्याने बारा दिवसांच्या मुदतीत ती पार केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागे काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या अवघ्या विसाव्या वर्षी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. पाचांपैकी चार डॉक्टर ठीकच आहेत, पण वाणिज्य शाखेचा एकही नाही, याची आम्हांस खंत आहे. असो.

आमच्यासारख्यांसाठी ‘ब्रेव्हे’ नावाचा प्रकार आहे. मूळ फ्रान्समधला, आता आपल्याकडे चांगलाच रुळलेला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत, अशा त्याच्या पायऱ्या आहेत. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा क्रमांक कोणासही मिळत नाही. मुदतीत आलेले सगळे सारखेच उत्तीर्ण. आम्हांस हा हिशेब फार आवडतो. या सर्व पायऱ्यांच्या शिखरावर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १,२०० किलोमीटरांची यात्रा आहे. ती चार वर्षांतून एकदा होते, मागची २०२३ साली झाली, आणि कमाल मुदत नव्वद तासांची असते. आपल्याकडचेही पुष्कळ जण तिच्या ओढीने वर्षानुवर्षे तयारी करतात. आम्ही स्वतः ३०० पर्यंत पोहोचलो आहोत. त्यापुढे गुडघ्यांनी कळविले की अंदाजपत्रक संपले.

हा १,२०० चा आकडा कृपया लक्षात ठेवावा. त्याकडे आम्ही परत येणार आहोत.

सव्वापाच वाजता रस्त्यावर आपण एकटेच असतो, अशी आमची सुरुवातीला समजूत होती. ती पहिल्या महिन्यातच गेली. त्या वेळी चौकात वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटत असतात आणि पुरवण्या घालणारी मुले सायकली भिंतीला टेकवून बसलेली असतात. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना अडकवून गवळी निघालेले असतात. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून कामगार परत येत असतात. कॅरिअरला रिकामा डबा आणि डोळ्यांत झोप. आणि त्यांतच आमच्या रुग्णालयाकडे निघालेल्या मावशी आणि मामा असतात. नव्या नातेवाईकांसाठी सांगतो की आया आणि वॉर्डबॉय यांना आपल्याकडे याच नावांनी हाक मारण्याची रीत आहे. सातच्या पाळीसाठी सहालाच घर सोडावे लागते. बसची वेळ जुळत नाही, रिक्षा परवडत नाही.

आमच्या मंडळीच्या अंगावर रंगीत जर्सी, डोक्यावर शिरस्त्राण, पुढे पांढरा दिवा आणि मागे उघडझाप करणारा लाल दिवा. त्यांच्या सायकलीवर यांपैकी काहीही नाही. आमच्यातील काहींच्या सायकलीची किंमत त्यांच्या कित्येक महिन्यांच्या पगाराइतकी. रस्ता मात्र तोच, खड्डे तेच, आणि पाठीमागून भरधाव येणारा डंपरही तोच. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, आणि शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात होते. त्या कोट्यवधींमध्ये छंद म्हणून सायकल चालविणारे किती असतील, हे सांगण्यास हिशेबनीस लागत नाही. सायकलीचे खरे मालक ते आहेत. आम्ही सकाळचे पाहुणे.

२०२० च्या मे महिन्यातील एक बातमी आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. टाळेबंदीत हरियाणातील गुरुग्राम येथे अडकलेल्या एका जखमी रिक्षाचालकाला त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीने, ज्योती कुमारीने, जुनी सायकल विकत घेऊन मागे बसविले आणि बिहारमधील दरभंग्याजवळच्या आपल्या गावी नेले. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. बहुतेक वाट त्या मुलीने सायकलीवरच काटली. आठवडाभर लागला. तेच अंतर काटण्यासाठी आम्ही छंदी मंडळी चार वर्षे सराव करतो, विमानाने फ्रान्सला जातो आणि परत आल्यावर पदक भिंतीवर टांगतो. त्या मुलीचे कौतुक झाले. सायकल महासंघाने तिला चाचणीसाठी बोलावणे धाडले, पुढे राष्ट्रीय बाल पुरस्कारही मिळाला. वर्षभराने, २०२१ च्या मे महिन्यात, तिचे वडील निवर्तले. ही बातमी वाचली तेव्हा आमच्या मंडळीत कोणीच काही बोलले नाही. जखमी पित्याला कॅरिअरवर बसवून नेणारी सायकल हे क्रीडासाहित्य नव्हते, ती रुग्णवाहिका होती. आणि ती रुग्णवाहिका एका मुलीला चालवावी लागली, या गोष्टीत कौतुकापेक्षा लाज वाटण्याजोगे अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता आपल्याच घरातील एक प्रसंग. संबंधितांच्या अनुमतीनेच तो येथे सांगत आहोत. आमच्या धुलाई विभागातील एक मामा गेली अनेक वर्षे सायकलने येतात. गेल्या हिवाळ्यात, पहाटे साडेपाचच्या सुमारास, धुके असताना, एका वाहनाने त्यांना मागून धडक दिली आणि ते न थांबता निघून गेले. मामा रस्त्याच्या कडेला पडले. काही जण थांबले, पाहिले आणि पुढे गेले. ते निर्दय होते असे आम्ही म्हणणार नाही. पोलीस, जबाब, तारखा यांची धास्ती आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. शेवटी भाजी घेऊन मार्केट यार्डाकडे चाललेल्या एका टेम्पोचालकाने कोथिंबिरीच्या जुड्या बाजूला सारून मामांना आत घेतले आणि ओळखपत्रावरील नाव वाचून थेट आपल्या अपघात विभागात आणले. ज्या चादरी मामांनी आदल्या दिवशी धुऊन वाळवून घडी घातल्या होत्या, त्यांतीलच एकीवर त्यांना निजविण्यात आले.

टेम्पोचालक दाराशी उभे राहून पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, “साहेब, मला जाऊ द्याल ना? माल उतरवायचाय.”

आमच्या प्रवेशद्वाराशी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत जो फलक लावला आहे, तो नेमका याच प्रश्नाचे उत्तर आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. त्याच्याकडून पैसे मागता येत नाहीत. त्यास अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली या संबंधीच्या मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आले. टेम्पोचालकांना चहा दिला आणि जाऊ दिले. चहाही त्यांनी उभ्याउभ्याच घेतला.

मामांच्या मांडीचे हाड मोडले होते. डोक्याला मार नव्हता, हे सुदैव. वैद्यकीय तपशिलात आम्ही शिरत नाही, तो आमचा प्रांत नव्हे. आमचा प्रांत बिलाचा. त्याविषयी नातेवाईकांना उपयोगी पडेल असे थोडे सांगतो. मोटार वाहनामुळे अपघात झाला असेल तर केंद्र शासनाच्या २०२५ च्या योजनेनुसार सूचीबद्ध रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळू शकतात. धडक देऊन वाहन पळून गेले असेल, तर १ एप्रिल २०२२ पासून गंभीर जखमीस ५० हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. अर्ज मात्र करावा लागतो. तो कसा करावा हे आमच्या समाजसेवा विभागात विचारावे. लाजू नये.

पण खड्ड्यात चाक जाऊन एकटाच पडलेला सायकलस्वार यांपैकी कशातही बसत नाही. कारण सायकल हे कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन नव्हे. तिला परवाना नाही, नोंदणी नाही, विमा नाही. ज्येष्ठांना आठवत असेल, एके काळी पुष्कळ नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसला तर हवालदार अडवीत असे. बिल्ले गेले, डायनामो गेले, हवालदाराचे लक्षही गेले. सायकलस्वाराला कोणी विचारीनासे झाले, त्यात त्याची सोयही झाली आणि गैरसोयही. असा रुग्ण आला की आमच्यापुढे धर्मादाय योजनेचाच आधार उरतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार आपण १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवतो, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकतो. देणगीदारांनी दिलेल्या रकमेतून हा निधी जेथे अपुरा पडतो तेथे भर घातली जाते. आपला पैसा नेमका कोठे जातो, असा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो. त्यातील काही भाग खड्ड्यात पडलेल्या सायकलस्वाराच्या मनगटात स्क्रू होऊन बसला आहे.

देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. एवढा मोठा आकडा मनात मावत नाही. आमच्या मनात मावतात ते एक मामा.

प्लास्टर निघाल्यावर, काठी सुटल्यावर, मामा पुन्हा कामावर आले. पुन्हा सायकलनेच. आम्ही त्यांना सायकलीच्या मागच्या बाजूस लावायचा दिवा दिला. ते संकोचाने हसले. म्हणाले, “कशाला साहेब? रस्ता रोजचाच आहे. डोळे मिटून येईन.”

आम्ही म्हटले, “मामा, हा दिवा तुम्हांला रस्ता दिसावा म्हणून नाही. तुम्ही लोकांना दिसावेत म्हणून आहे.”

त्यांनी क्षणभर विचार केला आणि दुसरा मागितला. त्यांच्या शेजारच्या वॉचमनसाठी.

तेथून आमच्या मंडळीचा रविवारचा क्रम थोडा बदलला. महिन्यातील एका रविवारी आम्ही त्र्यंबकला जात नाही. स्टँडमध्ये बसतो. दिंडोरीचे बागायतदार टायर काढण्यात वाकबगार, भूलतज्ज्ञ ब्रेकच्या तारा घट्ट करतात, काका चेनला तेल घालतात आणि आम्ही, अर्थातच, वहीत नोंद ठेवतो. मडगार्डला लाल परावर्तक पट्टी, मागे एक दिवा, ब्रेकची रबरे नवी. एका सायकलीमागे येणारा खर्च आमच्या रविवारच्या मिसळीच्या बिलापेक्षा कमी असतो. सुरुवातीला मावशी मंडळी लांबूनच पाहत होत्या. साहेब लोक खाली बसून आपल्या सायकलीला हात लावतात, हे त्यांना बरे वाटेना. औषध भांडारातील भगिनींनी एकीची सायकल सरळ हातातून घेतली आणि उलटी करून ठेवली, तेव्हा कोंडी फुटली. आता रांग लागते. शिरस्त्राणाच्या बाबतीत मात्र आम्हांस यश नाही. पदर आणि अंबाडा यांवर बसेल असे शिरस्त्राण बाजारात मिळत नाही, आणि या एका वाक्यात त्या वस्तू बनविणाऱ्यांनी कोणाचा विचार केला आणि कोणाचा नाही, हे सारे येते.

आता स्टँडच्या मूळ सूचनेकडे वळतो. ती सूचना करणाऱ्यांचे म्हणणे अवाजवी नाही, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी वृद्ध रुग्णांच्या गाड्यांना आत जागा मिळत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तपासणीस आलेल्या आजींना मुख्य रस्त्यावरून चालत यावे लागते. शिवाय रुग्णवाहिका वळविताना स्टँडचा कोपरा आड येतो, हे आमच्या चालकांनीही सांगितले आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातील रस्त्यांची जी अवस्था आहे, तीत बाहेर गाडी लावणेही सोपे नाही.

म्हणून आम्ही स्टँडवर नोंदवही ठेवली. त्यातून दिसले ते असे. सकाळी दहा वाजता, जेव्हा देणगीदार आणि पाहुणे येतात, तेव्हा स्टँड अर्धा रिकामा वाटतो, आणि पाहणाऱ्याला ती वाया गेलेली जागा दिसते. तोच स्टँड सकाळी सात आणि रात्री नऊ या पाळी बदलण्याच्या वेळी असा भरलेला असतो की शेवटची सायकल बाहेर भिंतीला टेकवावी लागते. दुपारी साडेबाराला डबे येतात. आसपासच्या गावांतून आपल्या माणसाचा डबा घेऊन येणारे नातेवाईक सायकलीने येतात, कारण दोन वेळचे बसभाडे पंधरा दिवस भरणे हा त्यांच्या दृष्टीने औषधाइतकाच खर्च असतो. एका चारचाकीच्या जागेत आठ-दहा सायकली राहतात. स्टँड काढला तर तीन, फार तर चार गाड्यांची सोय होईल. आणि त्या सायकली कोठे जातील? त्या रस्त्यावर जातील, चोरीस जातील, किंवा त्यांचे मालक येणेच बंद करतील. यांपैकी प्रत्येक गोष्टीचा खर्च कोणाच्या तरी खात्यावर पडतो. तो आपल्या ताळेबंदात दिसत नाही एवढेच.

आमचा प्रस्ताव लेखी स्वरूपात मंडळास सादर केला आहे. त्यातील मुख्य भाग येथे सांगतो. स्टँडचा जो कोपरा रुग्णवाहिकेच्या वळणात येतो तो कापून स्टँड मागील भिंतीकडे सरकवावा. छपराखाली रात्रभर जळणारे दोन दिवे लावावेत. बाह्यरुग्ण विभागाच्या दारासमोर प्रशासकीय अधिकारी आणि विश्वस्त यांच्यासाठी ज्या राखीव जागा आहेत, त्यांवरील नावाच्या पाट्या बाह्यरुग्ण विभागाच्या दिवशी काढाव्यात आणि त्या जागा केवळ वृद्ध व अपंग रुग्णांच्या गाड्यांना द्याव्यात. त्यांत आमच्या नावाचीही एक पाटी आहे. ती काढण्यास आम्ही मंडळाच्या निर्णयाची वाट पाहिली नाही. तसेही आमची गाडी तेथे क्वचितच उभी असते. काही विश्वस्तांनी हसतच आपली संमती दिली आहे, काहींनी विचार करून सांगतो म्हटले आहे. पुढील बैठकीत विषय येईल.

देणगीदारांपैकी काहींनी स्टँडच्या खर्चासाठी विचारणा केली. त्यांना नम्र विनंती की रक्कम स्टँडसाठी न देता निर्धन रुग्ण निधीस द्यावी. पत्रा आणि दिव्यांचा खर्च आमची रविवारची मंडळी उचलणार आहे. मिसळीत थोडी कपात होईल, आणि त्यास आहारतज्ज्ञांची हरकत नसावी.

एक सूचना नातेवाईकांसाठी. स्टँडवर कोणासही शुल्क नाही. साखळी-कुलूप घरून आणले नसेल तर स्वागत कक्षात अनामत न घेता मिळते. हवा भरण्याचा पंप भांडारात ठेवला आहे. गेल्या महिन्यात तो तीन वेळा हरवला आणि तिन्ही वेळा प्रसूती कक्षाबाहेर सापडला. वापरून झाल्यावर तो भांडारातच परत द्यावा.